व्याह्यांचा समुद्र आणि आमच्या घरचं पाणी

थर्माकोलचं खोकं आधी आलं आणि बातमी त्याच्यामागोमाग. कुरिअरचा माणूस नेहमीचाच. खोक्यावर जिवंत मासे असल्याची लाल चिठ्ठी असली की तो ते फाटकावरून न देता व्हरांड्यात आणून ठेवतो आणि म्हणतो, "काकू, तुमचे पाहुणे आले बरं का." मी सही केली, खोकं बैठकीतल्या थंड फरशीवर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे देवरावजींना फोन लावला. फोन त्यांच्या पुतण्याने, गजाननने उचलला. मागे बऱ्याच माणसांचे आवाज होते. तो म्हणाला, "मावशी, काकाजी राह्यले नाई." बाजारात न्यायची वांगी टेम्पोत भरता भरता ते एका क्रेटवर टेकले आणि तिथेच संपलं सगळं… मी फोन ठेवला. खोक्याकडे पाहिलं. आतल्या पिशव्यांमध्ये हजार मैलांवरून आलेला एक मासा आणि एक प्रवाळ होतं, आणि ज्यांनी ते मागवले होते ते केळझरला अंगणात चटईवर होते. देवरावजींनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. पुढचे दोन तास मोकळे असल्याशिवाय खोकं उघडायचं नाही. अंधारात आणि बंद पिशवीत मासा जितका सुखात असतो, तितका आपल्या घाईत नसतो. मी खोक्यावर चादर टाकली, खोलीचे पडदे ओढले आणि केळझरची बस पकडायला निघाले.

मिहिका आणि ओजस, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. ज्या पुरवणीत हे छापून येईल तिच्या वाचकांनी सोबत वाचायला माझी हरकत नाही. देवरावजी म्हणजे तुमचे आबाजी, तुमच्या आईचे वडील आणि माझे व्याही. तुम्ही त्यांना फोनच्या पडद्यावरच पाहिलंत. त्यातही निम्म्या वेळा त्यांचं कपाळच दिसायचं, कारण फोन कुठे धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. केळझरला गणपतीच्या टेकडीखाली त्यांची शेती. वांगी, मिरची, पालक, कोथिंबीर. रोज पहाटे माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे, दहाच्या सुमारास मोकळे व्हायचे, आणि तिथून सिंदी मेघेला आमच्याकडे. तुमच्या आईबाबांचं लग्न झाल्यापासून हा क्रम. आधी लेकीला भेटायला, मग लेक परदेशी गेल्यावर तिची खबर विचारायला, आणि शेवटची काही वर्षं माशांसाठी.

लग्नानंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी उजव्या हाताची बोटं पेल्याला लावली, ती कपाळाला टेकवली आणि पेला अलगद माझ्याकडे सरकवला. मग पिशवीतून आपली बाटली काढून निम्मी संपवली. तुमच्या इकडच्या आजोबांना थट्टेची सवय. ते म्हणाले, "देवरावजी, आमच्या नळाला काही झालंय का?" देवरावजी हसले. "नळाले काई नाई जी. नात्याले कायदा हाय." लेकीच्या सासरचं पाणी बापाने प्यायचं नाही, नातवंड होईपर्यंत नाही. जुनी माणसं हे पाळत. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, पुढे कॉलेजात ग्रंथपाल झालेली. मला हे अगदी जुनाट वाटलं. लेक दिली म्हणून बापाने कमीपणा का घ्यायचा? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले की यात कमीपणा नाही, लेकीला तिथे आपलं ओझं वाटू नये एवढंच आहे. मला पटलं नाही. पण आलेल्या माणसापुढे पाणी ठेवायचं हाही आमच्या घरचा कायदाच. म्हणून मी दर वेळी पेला ठेवत राहिले आणि ते दर वेळी तो शिवून परत करत राहिले. काही वर्षांनी तर आम्ही दोघं त्याकडे लक्षही देईनासे झालो, दारावरच्या तोरणाकडे आपण रोज कुठे पाहतो तसं.

मिहिका, तू झालीस तेव्हा मी पेढे घेऊन केळझरला गेले. म्हटलं, आता सुटला तुमचा कायदा. त्यांनी पेढा खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "नातवंडाच्या हातचं पानी पेल्यावर सुटते तो. नात तं तिकडं हाय." मी मुद्दाम विचारलं, त्याला नातू लागतो ना, नात चालते का? तुझ्या आबाजींनी मान हलवली. "ते जुन्या लोकायचं. कायदा मी बदलवला. पोरगी चालते. पन हात इथं पायजे, या घरात." मग महामारी आली, मग ओजस झाला, मग कागदपत्रं अडली. तुमची आई मध्ये एकदा येऊन गेली, तीही एकटी, तिच्या आईच्या, म्हणजे तुमच्या केळझरच्या आजीच्या, आजारपणात. तुमचं येणं पुढे पुढे जात राहिलं. आबाजींनी तिकडे यावं असं सगळ्यांना वाटे, पण त्यांची बायपास झालेली, आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नको म्हटलं होतं.

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तुमची आई समुद्राच्या काठी राहायला गेली याचं त्यांना भारी कोडं होतं. ती फोनवरून खडकांमधली डबकी दाखवायची, त्यात इवले मासे, फुलांसारखे उघडमीट करणारे जीव. देवरावजी बघून यायचे आणि मला प्रश्न विचारायचे. मासा आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहतो, मग तो शिजवताना मीठ का घालावं लागतं? मी तीस वर्षं दुसऱ्यांसाठी पुस्तकं लावून ठेवली, पण माशांच्या कपाटाकडे कधी वळले नव्हते.  त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला मासे येत नव्हते, म्हणून आम्ही वाटणी केली. प्रश्न त्यांनी आणायचे, शोधून मी वाचायचं. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि नको असलेलं मीठ कल्ल्यांमधून बाहेर टाकतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं. पाण्याचा खारेपणा एकदम बदलला तर हे काम कोलमडतं. प्रवाळाला तर तेवढंही करता येत नाही, जसं पाणी बाहेर तसंच आत. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे मासा नवीन घरी गेला का पयले पानीच लागते त्याले." मी हो म्हटलं. ते माझ्यापुढच्या पेल्याकडे पाहून हसले.

त्यातून टाकी आली. नागपूरच्या एका दुकानातून काच, पंप, दिवे, मीठ असं सगळं त्यांनी आणलं आणि केळझरला पुढच्या खोलीत मांडलं. गाव बघायला यायचं. म्हातारी माणसं बोट बुडवून चव घ्यायची आणि थुंकायची. मेच्या महिन्यात दोन दिवस वीज गेली आणि पाणी तापून सगळं मेलं. ते आठवडाभर आमच्याकडे आले नाहीत. आले ते थेट विचारायलाच. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, बैठकीत एसी होता, कुरिअरही आमच्याच पत्त्यावर यायचं. टाकी इथे ठेवली तर चालेल का? तुमचे आजोबा तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. घर फार नीटनेटकं झालं होतं, जे ठेवावं ते तिथेच सापडायचं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वांग्यांच्या टेम्पोतून समुद्र आला.

माझ्या बैठकीचं काय झालं ते सांगत नाही. सागवानी कपाटावर मिठाचा पांढरा थर, फरशीवर टॉवेल, स्वयंपाकघरातली माझी मोजमापाची वाटी मिठाच्या बादलीत. मी सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या: माशांची बादली, माशांचा टॉवेल, माणसांचा टॉवेल. देवरावजी चिठ्ठ्या वाचत आणि तरी चुकीचाच टॉवेल घेत. पण त्यांचं पाहणं मला आवडायचं. खारेपणा मोजायचं एक दुर्बिणीसारखं यंत्र असतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून खिडकीकडे डोळा लावायचा. ते एक डोळा मिटून असे उभे राहत, जणू पलीकडून कोणी दिसणार आहे. प्रवाळांची इंग्रजी नावं मी वाचून दाखवी, पण त्यांनी आपली नावं पाडली होती. ती फुलकोबी, ते ढेमसं, हा सांबाराचा जुडा. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, हे तुमच्या आईला विचारा. सगळ्यात जुना एक नारिंगी-पांढरा क्लाउनफिश होता. त्याला ते पाटील म्हणत, कारण तो कुणालाही आपल्या कोपऱ्यात येऊ देत नसे.

पाणी मात्र ते बाहेरून आणत. अशा टाकीला नळाचं पाणी चालत नाही, शुद्ध केलेलं लागतं. माझ्या स्वयंपाकघरात यंत्र बसवलेलं होतं, ते पाणी दिवसभर गाळत बसायचं. पण देवरावजी बाजाराजवळच्या पाण्याच्या प्लांटवरून कॅन भरून आणत, पायऱ्यांवरून धापा टाकत वर चढवत. मी म्हणायची, अहो, चार पावलांवर यंत्र आहे. ते म्हणायचे, "मासे माह्ये हायत. माह्यासाठी जो कायदा, तोच मासेयले." मला राग यायचा. बायपास झालेल्या माणसाने कॅन उचलायचे, तेही माझ्या डोळ्यांदेखत! मी रागाने पेला जरा जोरात ठेवायची. ते तो शिवायचे.

नवा जीव टाकीत सोडण्याची रीत आम्ही हळूहळू शिकलो. आधी दिवे मंद करायचे. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्हीकडची ऊब सारखी होते. मग पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत ओतायचं, आणि टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडायचं. बादलीत आता जास्त पाणी आपलं आहे असं झालं, की मासा जाळीने उचलून टाकीत सोडायचा. परक्या पाण्याचा एक थेंबही आत जाऊ द्यायचा नाही. थेंब कसा सोडायचा, हा प्रश्न होता. नळीला गाठ मारून बघितली, कधी धार लागे, कधी बंद पडे. आणि मग श्रावणात एके दिवशी देवरावजी फडक्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. त्यांच्या देवघरातलं अभिषेकाचं भांडं, ज्याच्या तळाला बारीक भोक असतं आणि जे श्रावणात महादेवाच्या पिंडीवर टांगतात. तांब्याचं, चिंच लावून लखलखीत घासलेलं. "देवाले थेंब थेंब चालते," ते म्हणाले, "मासेयले काऊन नाई चालणार?" मला ती कल्पना इतकी आवडली की मीच पडद्याच्या दांडीला दोरी बांधून दिली.

त्या दिवशी तीन लाल कोळंब्या आणि एक कोवळं प्रवाळ आलं होतं. भांड्यातून सुरेख थेंब पडत होते, घड्याळासारखे. देवरावजी वेताच्या मोड्यावर बसून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर पूजेच्या वेळचा भाव होता. शेवटी भांड्यात उरलेलं खारं पाणी त्यांनी टाकीतच परत ओतलं. टाकीचंच पाणी, वाया कशाला घालवायचं! संध्याकाळपर्यंत तिन्ही कोळंब्या उताण्या पडल्या. सकाळी मी दिवा लावला तर फुलकोबी, ढेमसं, सांबार, सगळं मिटलेलं. काहीही उघडत नव्हतं. मी केळझरला फोन केला आणि मग नागपूरच्या दुकानदाराला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडं कशाचं होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, तिथेच चुकलं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं, आणि कोळंबीला, प्रवाळाला ते विष. माणसाला ज्या भांड्यातलं पाणी औषधी म्हणून आपण पाजतो, तेच. वाचवायचं असेल तर आजच्या आज निम्म्याहून जास्त पाणी बदला, आणि पुन्हा उद्या बदला.

तो दिवस पोळ्याचा. बाजार बंद, पाण्याचा प्लांट बंद, रस्त्यावर सजवलेले बैल. देवरावजी आपली जोडी गजाननच्या हवाली करून मोटरसायकलने आले. नुसते रिकामे कॅन घेऊन ते वर्ध्यात फिरले आणि तसेच परत आले. टाकीसमोर उभे राहिले. पाटील खालच्या कोपऱ्यात कल्ले उघडत-मिटत बसला होता.  मी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. मला खरंच कुतूहल होतं, हा माणूस आता काय करेल… त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "इहीणबाई, तुमच्या घरचं पानी द्या."

मी घरातल्या सगळ्या बादल्या काढल्या. पिण्याच्या पाण्याचं पिंप, पातेली, लग्नाच्या स्वयंपाकात वापरलेला मोठा स्टीलचा गंज… तांबं-पितळ सोडून जे जे होतं ते. यंत्रातून पाणी केवढं, बारीकशी धार. दिवसभर आम्ही दोघं त्या धारेखाली भांडी बदलत बसलो. भरलेली बादली मी दाराशी ठेवायची, ते मीठ विरघळवायचे, खारेपणाच्या दुर्बिणीला डोळा लावायचे, जुनं पाणी काढायचे, नवं घालायचे. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज. त्यांच्या अंगणातली पूजा त्यांच्यावाचून झाली. पुरणपोळी मी वाढली नाही, ती त्यांनी घेतलीच नसती. गजाननने संध्याकाळी डबा पाठवला. मी एकदाच विचारलं, कायद्याचं काय झालं? ते म्हणाले, "मासेयले नातं नाई समजत. माह्यं माह्यापाशी." आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. दोन-तीन गोष्टी त्यातही गेल्या. ढेमसं गेलं. पण फुलकोबी चार दिवसांनी उघडली आणि पाटील पुन्हा दादागिरी करू लागला. त्यानंतर कॅन आले नाहीत. टाकीला रोज माझ्याच स्वयंपाकघरातलं पाणी जाऊ लागलं आणि याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

अभिषेकाचं भांडं देवघरात परत गेलं. थेंबांसाठी त्यांनी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली, चाक फिरवून थेंब कमीजास्त करता येतो ती. "मले लावली होती तवा नर्सबाई याच चाकाले हात लावून जात होती," ते म्हणाले. "तवा वाटे, ह्या थेंबात काय हाय एवढं. आता समजलं." आपल्या बायपासबद्दल त्यांनी एवढंच काय ते सांगितलं.

आणखी एक गंमत तुम्हाला ठाऊक असावी म्हणून लिहिते. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ उडत नाही. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही. हे कळल्यावर देवरावजी किती खूश झाले होते! समुद्राला रोज गोडं पाणी लागतं, नाहीतर तो आपल्याच मिठाने मरेल. त्यांनी काचेवर खडूने एक रेघ मारली होती. पाणी रेघेखाली गेलं की तेवढी भर घालायची.

शेवटची भेट दसऱ्यानंतरची. ऑक्टोबरचं ऊन किती कडक असतं ते तुमच्या आईला आठवत असेल. ते नेहमीपेक्षा उशिरा आले, शर्ट भिजलेला, चेहरा उतरलेला. पण बातमी चांगली होती. तुमची तिकिटं झाली होती, डिसेंबरची, चौघांची. त्यांनी ती मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले की पाटलाला जोडी आणतो आणि एक नवं प्रवाळ, लेकरं यायच्या आत रुळले पाहिजेत. मी सवयीने पेला ठेवला. त्यांनी बोटं लावली. पण पेला सरकवला नाही. तो उचलून ते टाकीपाशी गेले, झाकण बाजूला केलं आणि रेघ बघत बघत सगळं पाणी हळूच आत ओतलं. रिकामा पेला माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या. झालं. पेलो." मी म्हटलं, ही पळवाट झाली. ते हसले. "हो जी. बाकीचं लेकरायच्या हातानं. डिसेंबरात."

खोकं आलं त्याच दिवशी, गुरुवारी, मी केळझरहून दुपारी परतले. गजाननने सोडायला माणूस दिला होता. आंघोळ केली, पदर खोचला आणि खोक्यावरची चादर काढली. आजवर हे मी पाहत आले होते, हात त्यांचे असायचे. दिवे मंद केले. दोन पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. एकीत छोटा क्लाउनफिश, कोपऱ्यात अंग चोरून. दुसरीत मिटलेल्या मुठीसारखं करडं प्रवाळ, ते जिवंत आहे की नाही हेही कळत नव्हतं. बादल्या काढल्या. सलाईनची नळी लावली. चाक किती फिरवायचं ते माझ्या बोटांना माहीत नव्हतं, आधी धार लागली, मग अगदीच थांबली, मग थेंब… मी मोड्यावर बसून राहिले. समोर रिकामी जागा होती, पण हातातलं काम टाकून रडता येत नव्हतं. थेंब चुकला असता. मला वाटतं, त्यांना हे बरं वाटलं असतं.

मासा दोन दिवसांत रुळला. पाटलाने त्याला हुसकावलं, मग सोडून दिलं, मग शेजारी झोपू दिलं. प्रवाळ मात्र मिटलेलंच राहिलं. तुमच्या आईला अंत्यदर्शनाला येता आलं नव्हतं. एवढ्या अंतरावरून कसं येणार होती? ती रोज सकाळी फोन करायची. आधी माझी तब्येत विचारायची, मग गजाननची, मग घरातल्या कामांची, आणि शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, "आई, ते उघडलं का?" मी नाही म्हणायची. ती "बरं" म्हणून ठेवायची. मी खारेपणा मोजायची, एक डोळा मिटून खिडकीकडे बघायची. त्यांच्यासारखं. प्रवाळाला उजेड कमी पडतो की जास्त, प्रवाह लागतो की नको, हे शोधत बसायची. विचारायला कोणी नव्हतं म्हणून मी त्यांच्या वाट्याचे प्रश्न आणायची आणि माझ्या वाट्याची उत्तरं शोधायची. खडक जरा सावलीत सरकवला. दिवाळी गेली. एका सकाळी दिवा लावायला गेले तर करड्या मुठीतून हिरवी, बारीक बोटं बाहेर आलेली, पाण्याबरोबर हलत होती. मी तुमच्या आईला फोन लावला आणि तो थेट काचेपुढे धरला. माझा हातही आबाजींसारखाच हलला असणार, तिला निम्मा वेळ कपाटच दिसलं असणार.  मग तिने विचारलं, "बाबांनी याचं नाव काय ठेवलं असतं?"  ते नाव मी तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे.

त्यांच्या वेळेला, दहाच्या सुमारास, मी अजूनही पेला भरून स्टुलावर ठेवते. मी ठरवून असं काही करत नाही, हात करतो. मग तो उचलून टाकीपाशी जाते आणि खडूच्या रेघेपर्यंत पाणी घालते. रेघ पुसट झाली आहे, पण मी ती गिरवलेली नाही. ती त्यांच्या हातची आहे, अजून दिसते. तुम्ही याल तेव्हा बैठकीत शिरल्यावर उजवीकडे टाकी आहे आणि तिच्याजवळ स्टूल. पेला त्यावरच असतो. स्वयंपाकघर समोर आहे, गाळायच्या यंत्राखाली तो भरा, सांडला तरी चालेल, माणसांचा टॉवेल मी बाहेर काढून ठेवला आहे. आधी मिहिकाने टाकीत ओतायचं, मग ओजसने. हळू ओता. तुमच्या आबाजींचं बाकीचं पाणी आहे ते, आणि त्याला हात तुमचे हवेत, इथे, या घरात.